कोणाच्या हातची गाडी

तुझा फोन आला तेव्हा मी जीपच्या खाली उताणा पडलो होतो आणि जानरावमामा वरून विचारत होते, "काई गळते का?" फोन खिशात वाजत होता. हात काळे होते. कोपराने बंद करायला गेलो तो उलट सुरू झाला असावा, कारण नंतर तू म्हणालीस की चार मिनिटं तुला फक्त मामांचा आवाज येत होता आणि मामा म्हणत होते, "पोट नीट पाय. पोटाखालचं पाय." तू घाबरलीस. ताई, मी दवाखान्यात नव्हतो. बोरगाव मंजूला होतो, एका जुन्या फोर-व्हील जीपच्या पोटाखाली, आणि गळत काहीच नव्हतं.

रीतीचं आता लिहितो. ती. बेबीताईला आणि भाऊजींना देवीदासचा वाकून नमस्कार. आम्ही इथे बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो, पण भाऊजींच्या साखरेचं नक्की कळव. अकोल्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेल्याचं वाचलं. इथेही तेच. दुपारी कूलर गरम हवा इकडून तिकडे करतो, एवढंच. जमुनाचा हात आता ठीक आहे, मूठ पूर्ण वळते. मामा बाहात्तर वर्षांचे झाले, त्यांना काही होत नाही. (तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन कर. पण फोनवर मी 'हो', 'बरं' आणि 'ठेवतो' यांच्यापुढे जात नाही, हे तुला माहीत आहे. शिवाय आपलं घर लहान आहे आणि जमुनाचे कान चांगले आहेत.)

गाडी कशाला, हे तुला सांगायला नको. तरी सांगतो, कारण हे पत्र तू भाऊजींना वाचून दाखवशील आणि त्यांना सगळं सुरुवातीपासून लागतं. नाल्यापलीकडचा दोन एकरांचा तुकडा जमुनाचा आहे. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, पण तुकडा तिचा आहे. अकरा वर्षांपूर्वी मी तिथे सोयाबीन पेरणार होतो. तिने न विचारता चार ओळी झेंडू लावला. पुढच्या वर्षी सगळा तुकडा झेंडू झाला, नंतर शेवंती आली. त्या तुकड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर पांदण आहे. आठ महिने ती पांदण रस्त्यासारखी असते. पावसाळ्यात ती काळी माती टायर धरते, चप्पल धरते, शेवटी पाय धरते. आणि फुलाला भाव नेमका त्याच महिन्यांत असतो. गणपती, गौरी, नवरात्र, दसरा. फूल उजाडायच्या आत अमरावतीला पोचलं पाहिजे. नऊ वाजता त्याला कोणी विचारत नाही. टेम्पो डांबरीवर उभा राहतो, पांदणीत यायला तयार होत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. मग क्रेट डोक्यावर. गेल्या नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी जमुना क्रेट घेऊन घसरली आणि उजवा हात मोडला. तेव्हा तू सहा दिवस इथे होतीस, पण दसऱ्याला तू परत गेली होतीस, म्हणून हे तुला माहीत नाही: फुलं झाडावर वाळली आणि दाराचं तोरण मी अमरावतीच्या राजापेठेतून विकत आणलं. जमुनाने ते एका हाताने बांधलं.

बोलली ती गुढीपाडव्याला. म्हणाली, "पांदणीतून काई निघत असंन तं फुलं लावतो आपण. नाई तं सोयाबीन पेरा. पण मंग मले त्या वावरात पाठवू नका." एकदाच बोलली. मी म्हटलं, बरं. मे लागल्यावर तिने रोपं टाकली. घराच्या मागे, सावलीत, ट्रे मांडून. रोपं आता वीतभर झालीत. मृग लागायला आठ दिवस आहेत. ट्रेमध्ये ती आणखी पंधरा-वीस दिवस दम धरतील. त्यापुढे ती लावावी तरी लागतील, नाही तर कोणाला तरी द्यावी लागतील. जमुना मला काही विचारत नाही. रोज पाणी घालते आणि आत येते.

तर जीप. राजापेठेतल्या हारवाल्याने मोबाइलवर फोटो दाखवला. त्याच्या बहिणीच्या गावची, चारही चाकं ओढणारी, सतरा वर्षांची, पंधराव्या वर्षी नव्याने पासिंग केलेली. किंमत आवाक्यातली होती, त्यावर मी काही लिहीत नाही. फोटोत गाडी बाजूने होती आणि तिच्यासमोर एक बाई पाठ करून उभी होती. मी दुसऱ्या दिवशी जायचं ठरवलं, आणि इथे माझी पहिली चूक झाली. भाऊजींनी तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात काढली. बोरगाव तुमच्यापासून वीस किलोमीटरवर. कोणताही शहाणा माणूस त्यांना घेऊन गेला असता. मी मामांना घेऊन गेलो. (भाऊजींना वाईट वाटलं असेल. त्यांना सांग की मामांना मी बोलावलं नव्हतं. ते ओट्यावर बसले होते आणि त्यांनी ऐकलं. आपल्या घरात चाळीस वर्षांत मामांशिवाय बैल घेतला गेलेला नाही. पंचक्रोशीत कोणालाही जोडी घ्यायची असली की तो मामांना बाजारात नेतो. मामांना जीपमधलं काही कळत नाही, असं मी म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, "मंग तुले कळते का?") आणि खरं म्हणजे भाऊजींनी दोन मिनिटांत 'घेऊ नका' म्हटलं असतं. मला दोन मिनिटांत उत्तर नको होतं.

बोरगावला पुंडलिकराव म्हणून साधारण पासष्टीचे गृहस्थ आहेत. भाजीपाल्याचं शेत, विहिरीला पाणी, घर शेतातच. स्वच्छ धोतर-टोपी घालून आमची वाटच पाहत होते. त्यांची बायको केशरबाई लिंबाखाली कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. तिने पाणी दिलं आणि पुन्हा जुड्यांकडे गेली. मामांनी जीपला दोन फेऱ्या घातल्या. एक उजवीकडून, एक डावीकडून. बैल उभा कसा राहतो ते ते आधी पाहतात. मग प्रत्येक चाकावर हाताने थापटलं. बॉनेट उघडायला सांगितलं, आत पाहिलं, बंद करायला सांगितलं. मला खाली पाठवलं (तेव्हाच तुझा फोन). मग खाटेवर बसून त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि जे विचारलं ते गेली पन्नास वर्षं ज्या क्रमाने विचारतात त्याच क्रमाने विचारलं.

"उमर?"

पुंडलिकराव म्हणाले, "दोन लाखाच्या आसपास चालली असंन."

"दोन नाई," लिंबाखालून आवाज आला. "मीटर तीन वर्षापासून बंद हाय. बंद पडलं तवा दोन लाख शहाऐंशी हजारावर होतं. त्याच्यात अजून साठ हजार धरा."

मी आजवर विकणाऱ्याला आकडा वाढवताना पाहिलं नव्हतं. मामांनीही पाहिलं नसावं. ते तिच्याकडे पाहून पुन्हा पुंडलिकरावांकडेच वळले. बाजारात बैल विकताना बाया बोलत नाहीत, तो भाग असावा.

"कामात बसते का?"

पुंडलिकराव म्हणाले, "नाई नाई. कधीच नाई."

"दोनदा बसली," लिंबाखालून. "एकदा पंप गेला, एकदा यायनं डिझेल नोतं भरलं."

"दूर कुठं नेली का? लंबी चाल हाय का तिची?"

"शेगावले नेली होती म्या," पुंडलिकराव म्हणाले.

"म्या नेली होती. तुमी मांगं झोपले होते."

साडेतीन लाख किलोमीटर, ताई. मी मनात हिशोब करत होतो. शेत ते अकोल्याची मंडी आणि मंडी ते शेत. हंगामात दिवसातून दोनदा. एकदा शेगाव. एवढी चाललेली गाडी आणि ती कुठे गेलीच नाही. हे वाचून तू हसशील, पण त्या वेळी मला ते बरं वाटलं. आपल्यालाही कुठे जायचं नाहीये. दोन किलोमीटर पांदण आणि पुढे अमरावती.

मग मामांनी तो प्रश्न विचारला जो ते सगळ्यात शेवटी विचारतात, कारण त्यावर सौदा होतो किंवा मोडतो. "कोणाच्या हातची सवय हाय तिले?" बैल एका हाताचा असतो. दुसऱ्याने कासरा धरला की तो अर्धाच चालतो, म्हणून मामा त्या माणसाला समोर बोलावतात, त्याला जोडी हाकायला लावतात आणि बैलाकडे न पाहता माणसाकडे पाहतात. पुंडलिकरावांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. म्हणाले, "घरच्याच." केशरबाईने हातातली जुडी पुरी बांधली. मग म्हणाली, "माह्या हातची हाय. यायले गिअर कुठी रायते ते नाई माईत."

तासभर आम्ही चुकीच्या माणसाशी बोलत होतो. दुसरा कोणी असता तर त्याने खाट उचलून लिंबाखाली नेली असती. आम्ही नेली नाही. मामांनी बॉनेटवर आपला दुपट्टा टाकला, त्याखाली हात घातला आणि पुंडलिकरावांचा हात मागितला. (बैलबाजारात भाव असा दुपट्ट्याखाली बोटांनी ठरतो, बघणाऱ्याला कळत नाही. इथे बघणारे मी आणि केशरबाई. बॉनेट मे महिन्यातल्या दुपारचं होतं. दोघांनीही हात लगेच काढले.) भाव ठरायचा राहिला आणि मामा म्हणाले, आधी चिखलात चालवून दाखवा. मे महिन्यात चिखल कुठून आणायचा? मामा म्हणाले, विहीर हाय ना. पुंडलिकरावांनी खरोखर मोटर सुरू करून एका रिकाम्या पट्ट्यात पाणी सोडलं. माती भिजेपर्यंत आम्ही दोनदा चहा घेतला. केशरबाई जुड्या बांधत राहिली. पाणी तिचं होतं.

गाडी हलायच्या आधी मामांना मागच्या सीटखाली दोर दिसला. जाड, गाडी ओढायचा दोर. मामांनी तो बाहेर काढला, गुंडाळला आणि पुंडलिकरावांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. आपल्याकडे जनावर विकतात पण दावं विकत नाहीत, दाव्यासोबत त्या घरची बरकत जाते म्हणून. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं असतं. मामा याबाबत फार कडक आहेत. १९९४ साली बडनेऱ्याच्या बाजारातून त्यांनी दोन बैल सुतळीने बांधून आणले होते. मी म्हटलं, "मामा, हे दावं नोय." मामा म्हणाले, "ज्यानं वढते ते दावं." यात तर्काने चूक काढता येत नाही.

आपल्या घरच्या गाडीचा मान म्हणून पुंडलिकराव स्वतः चालवायला बसले. गाडी पट्ट्यात उतरली, बारा-पंधरा हात गेली आणि बसली. मागची चाकं जागेवर फिरू लागली. चिखल उडाला तो मामांच्या धोतरावर आला. पुंडलिकरावांनी आणखी जोर दिला तशी ती आणखी खाली गेली. मी ट्रॅक्टर शोधायला निघालो तर शेजारचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, "येतो. दोर हाय ना?" दोर ओट्यावर होता. मी ओट्याकडे पाहिलं, मामांनी माझ्याकडे पाहिलं. मामा म्हणाले, "त्या दोरानं नाई." तिथे आम्ही चौघं पुरुष किती वेळ उभे राहिलो ते सांगत नाही.

केशरबाई उठली. लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि चिखलात शिरली. साधी गाडी मागची दोन चाकं ढकलतात. ही चारही चाकांनी ओढते, पण आपोआप नाही. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती असते, ती खाली उतरून हाताने फिरवावी लागते, आणि मग गिअरच्या शेजारचा छोटा दांडा ओढावा लागतो. (भाऊजींना हे माहीत असेल. पुंडलिकरावांना नव्हतं. सतरा वर्षं.) तिने दोन्ही चकत्या फिरवल्या, नवऱ्याला म्हणाली, "सरका," ते शेजारच्या सीटवर सरकले, आणि तिने गाडी बाहेर काढली. जोर केला नाही. गाडी म्हातारीसारखी हळू निघाली, थांबली नाही. वर कोरड्यात आल्यावर ती उतरली, विहिरीवर पाय धुतले आणि पहिल्यांदा खाटेपाशी येऊन बसली.

म्हणाली, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा राहिला आहे. मंडीला पहाटे चारला निघावं लागतं आणि समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यात फुटतो. दिवसा चालवते, पण दिवसा मंडी नसते. म्हणून विकायची. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्या इथं कोणाच्या हातची होईन?"

मी म्हटलं, "ड्रायव्हर ठेवू."

"ठेवला हाय?"

"ठेवू."

"मंग त्याले घेऊन या. मी त्याले पायते, मंग देते गाडी." मामांनी तिला समजावलं की गाडी पैशाला जाते, माणूस पाहून पोरगी देतात. ती म्हणाली, "मामाजी, मंगानी तुमीच इचारलं ना, कोणाच्या हातची? थे मी इचारून राहिली." मामांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. आम्ही निघालो.

मला गाडी येत नाही, हे तू जाणतेस. भाऊजींसाठी लिहितो की नऊ वर्षांपूर्वी मी ट्रॅक्टर शिकायला बसलो आणि तो आपल्याच गोठ्याच्या भिंतीतून आत गेला. म्हैस बाहेर होती. त्यानंतर गावात कोणाकडेही ट्रॅक्टर आला की तो आधी मला विचारतो, भिंत कशी आहे. मी मोटरसायकलच्या पुढे गेलो नाही आणि जाणारही नाही. आता बावन्न झालो.

एस.टी.त मामा मूर्तिजापूरपर्यंत म्हणत होते की बाई पागल आहे. मूर्तिजापूरला त्यांनी केळी घेतली. बडनेरा आलं तेव्हा म्हणाले, "पण खरी हाय." घरी पोचल्यावर त्यांनी जमुनाला सगळं सांगितलं, एका चक्रम बाईची गोष्ट म्हणून. विहिरीचं पाणी, दोर, चिखल, त्यांचं धोतर. चांगलं रंगवून सांगितलं. स्वतःच हसले. जमुना हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "तिले कोनं शिकवलं?"

मामा म्हणाले, "कोण जाणे." मी म्हटलं, "इचारलं नाई." ती म्हणाली, "थे इचारायचं होतं." आणि उठून चुलीकडे गेली.

त्याला पाच दिवस झाले. पाच दिवस मी विचार करतो आहे, आणि कशाचा करतो आहे ते आता लिहितो. आधी मी गाडीचा करत होतो. साडेतीन लाख किलोमीटर चाललेलं इंजिन किती चालेल, सुटे भाग मिळतील का, डिझेल किती खाईल, पांदणीच्या वळणावर ती वळेल का. एका कागदावर दोन बाजू करून लिहिलं. दोन्ही बाजू सारख्या भरल्या. मग ड्रायव्हरचा केला. पहाटे तीनला रोज पांदणीत येणारा ड्रायव्हर गावात नाही. आहे तो येतो पण रोज येत नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी एक नाव कागदावर लिहितच नाही. मामांनी गोष्ट सांगितली तेव्हाच ते माझ्या मनात आलं होतं. जमुनाच्याही आलं असणार, नाही तर तिने तो प्रश्न विचारला नसता. ती म्हणत नाही कारण ती मी म्हणायची वाट पाहते. मी म्हणत नाही कारण, ताई, पुंडलिकराव शेजारच्या सीटवर सरकले तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. वाईट नव्हता. सवयीचा होता. पण त्यांना सवय व्हायला सतरा वर्षं मिळाली. मला याच पावसाळ्यात गावातून, पारावरून, ज्यांनी गोठ्याची भिंत पाहिली आहे त्यांच्या समोरून, त्या सीटवर बसून जायचं आहे. मला गाडीची भीती नाही. जमुनाच्या चालवण्याचीही नाही, ती शिकेल. भीती शेजारच्या त्या सीटची आहे. हे लिहिल्यावर फार लहान दिसतं. पाच दिवस ते लहान नव्हतं.

एकदा वाटलं, मी जाऊच नये सोबत. ती एकटी नेईल, मी घरी फुलं तोडीन. मग आठवलं की फुलं तोडायलाही तिथेच जावं लागतं.

असो. भाऊजींना एवढं विचार की, इतकी चाललेली फोर-व्हील गाडी घेण्याबद्दल त्यांचं अनुभवी मत काय. सविस्तर कळवावं. उन्हात बाहेर पडू नकोस. पत्र मी उद्या सकाळी पोस्टात टाकतो.

तुझा धाकटा भाऊ,
देवीदास

ता. क. भाऊजींचं मत कळवायची घाई नाही. खरं तर ते नकोच. ते 'घेऊ नका' म्हणाले तरी मी घेणार आहे, आणि 'घ्या' म्हणाले तर मला शंका येईल. त्यांना हे वाचून दाखवू नकोस.

आणखी ता. क. खरं काम आता लिहितो. काल वावरातून मी केशरबाईला फोन केला. म्हटलं, चालवणारा सापडला आहे, पण त्याला अजून येत नाही. तिने विचारलं, "थो का थे?" मी म्हटलं, "थे. आमच्या घरची." ती म्हणाली, पाठवा, पंधरा दिवसांत काढते, सकाळी सात ते दहा, माह्या वावरात. मी विचारलं, तुम्हाला कोणी शिकवलं. म्हणाली, कोणी नाही. ड्रायव्हर ठेवला होता, तो एक दिवस मंडीत गाडी सोडून निघून गेला. दोन वर्षं शेजारी बसून तिने त्याचे हातपाय पाहिले होते. पहिल्या गिअरमध्ये तीन तासांत घरी आली. दुसरा गिअर दुसऱ्या दिवशी. तर काम असं. जमुनाला पंधरा दिवस तुझ्याकडे राहू दे. रोज सकाळी बोरगावची एस.टी. मिळते. पण ते मी सुचवलं असं दिसू नये, आणि गावात कळू नये. तू तिला फोन कर आणि म्हण की तुझ्या कुरडया राहिल्या आहेत, एकटीने होत नाहीत, ये. अकोल्यात आल्यावर तू सांग. मला तोंडावर सांगता येत नाही. म्हटलं तर ती 'बरं' म्हणेल, आणि मग मला काय म्हणायचं ते समजणार नाही.

आणखी एक, दुसऱ्या दिवशी दुपारी. सकाळी पत्र टाकायला घेतलं होतं, ते पुन्हा उघडलं. जमुना साडेपाचच्या गाडीने बोरगावला गेली. केशरबाईचा नंबर तिने चार दिवसांपूर्वीच मामांकडून घेतला होता. केशरबाईने मला हे सांगितलं नाही. संध्याकाळी ती तुझ्याकडे मुक्कामाला येईल, म्हणजे पत्राच्या आधी. निघताना म्हणाली, "ताईच्या कुरडया तं चैत्रातच झाल्या," म्हणजे हे तिने वाचलं. मी पिशवी धरून फाट्यापर्यंत गेलो. गाडीत चढताना म्हणाली की नाल्यापलीकडचा तुकडा वखरून ठेवा. आठ वाजता वखर जुंपला. दुपारपर्यंत अर्धा झाला.